मदत हवी आहे: बाळाची कार सीट कितीही आवळली तरी हलतेच

चिऊची_आई:
तीन दिवस झाले, या सीटनं नुसता वैताग आणलाय. बेल्ट ओवला, बकल लावलं, नवऱ्याने अंगातला सगळा जोर लावून ओढलं, तरी हात लावला की हलते ती हलतेच. मॅन्युअल वाचलंय, चार व्हिडिओ पाहिलेत, त्यातल्या लोकांची एका झटक्यात घट्ट बसते आणि आमची नाही. शनिवारी पहाटे निघायचंय, सहा तासांचा रस्ता आहे, अशा सीटमध्ये पोरीला बसवायला माझं मन धजत नाहीये. कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा. सीट नवीकोरी आहे, त्यामुळे खराब आहे का हे विचारू नका.

पाना_पकड:
बाळ किती महिन्यांचं, वजन किती, तोंड पुढे की मागे, बेल्टने बसवताय की आयसोफिक्सने (म्हणजे गाडीतल्या पक्क्या दांड्यांना हुकांनी अडकवून), आणि गाडीतल्या नेमक्या कुठल्या जागेवर? एवढं कळल्याशिवाय नुसते अंदाज होतील.

जुळ्यांचा_बाबा:
माझं ऐका, ही परत करा आणि आयसोफिक्सवाली घ्या. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घालून बघा, दोन लोखंडी दांड्या लागतील, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. १९९९ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. आमच्या दोन्ही सीट खट्‌कन बसल्या, खूण हिरवी झाली की झालं, बेल्टशी झटापट करायची गरजच नाही. आणि ज्यांना अजून भीती वाटते त्यांनी वरून गाडीचा बेल्टही लावावा, डबल सेफ.

अबोली:
बाबा, शेवटचं वाक्य कृपया मागे घ्या. आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावायचे की नाही हे सीट बनवणाऱ्याने मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यात तसं नसेल तर एकच वापरायचं. सीटची टेस्ट त्या एकाच पद्धतीने झालेली असते. शिवाय त्यांनी नवी कुठली घेऊ हे विचारलेलंच नाहीये, शनिवार तोंडावर आलाय.

चिऊची_आई:
सॉरी, घाईत राहिलंच. ११ महिने, ९ किलो, तोंड मागे, बेल्टने. सीट ० ते १८ किलोची आहे, आयसोफिक्सचे हूक तिला नाहीतच.

आजोबा_६८:
एवढा घोर लावून घेऊ नका सूनबाई. आम्ही तिन्ही मुलं मांडीवर घेऊन फिरवली. आईने मागे बसून घट्ट धरलं की बाळही शांत राहतं, रडत नाही.

पाना_पकड:
आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे कुणी वाचून करायला नको म्हणून हिशोबच मांडतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी आदळून हा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला तर ९ किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण सव्वाशे किलो उचलण्याएवढा जोर लागतो, तोही अचानक. कुठल्याच आईच्या हातात तेवढा नसतो.

रानवाटा:
बाळ ९ किलोचं आहे ना, मग पुढे तोंड करून बसवा. आमची तशीच घट्ट बसली, मागे तोंड केल्यावर आमचीही डुगडुगायची. आणि खाली एक रबरी मॅट टाका, घसरणार नाही.

अबोली:
मुलांच्या कार सीटच्या जुन्या आंतरराष्ट्रीय नियमात, आर४४ मध्ये, वजनावर चालायचं, त्यात ९ किलोपासून पुढे तोंड चालत होतं हे खरं. पण २०१३ मध्ये आलेल्या नव्या नियमात, आर१२९ मध्ये, १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागेच तोंड हवं असं स्पष्ट आहे, आणि कारण साधं आहे, या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. समोरून धडक बसली तर मागे तोंड असताना डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर रेलतं. पुढे तोंड असेल तर खांदे पट्ट्याने अडतात आणि डोकं एकटं पुढे जातं. सीट बसत नाही म्हणून बाळ फिरवायचं हे मला अजिबात पटत नाही. मॅटचंही तेच, मॅन्युअलमध्ये परवानगी नसेल तर खाली काही घालू नका, मऊ थर दबला की पट्टा सैल पडतो.

रानवाटा:
आमच्या मॅन्युअलमध्ये ९ किलोच लिहिलंय, आम्ही काही मनाने केलं नाही.

पाना_पकड:
तो वाद नंतर. चिऊची आई, हलवून बघताना हात कुठे धरता? मागे तोंड असलेल्या सीटचं डोक्याकडचं टोक थोडं हलणारच, तिथे ती कशालाच बांधलेली नसते. बघायचं ते पट्टा ओवलाय त्या जागेपाशी. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने तिथे धरून डावीउजवीकडे आणि पुढेमागे हलवा, हस्तांदोलनाला लावतो तेवढाच जोर. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हललं तर सीट घट्ट आहे.

चिऊची_आई:
अरे देवा, मी वरचं टोकच धरून गदागदा हलवत होते. आत्ता खाली जाऊन बघून आले. पण पट्ट्यापाशीसुद्धा सहज चार बोटं सरकतेय, डावीउजवीकडे जास्त.

मोगरा२२:
खांद्यावरचे पट्टे पण बघा हं. बाळाच्या खांद्याजवळ पट्ट्याला उभी चिमटी काढता आली तर पट्टा सैल. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवा. जाड स्वेटर घालून बांधू नका, आधी बांधा आणि वरून पांघरूण द्या. माझ्या भाचीचं स्वेटर काढल्यावर पट्ट्यात अख्खी मूठ जात होती, तेव्हापासून मी भेटेल त्या प्रत्येकाला हे सांगते.

जुळ्यांचा_बाबा:
गाडीचा बेल्ट हळूहळू पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि मग आत जाऊ द्या. टक टक आवाज आला तर तो लॉक होणारा बेल्ट आहे, आत जाईल पण बाहेर येणार नाही. तसाच आवळा.

चिऊची_आई:
केलं. आवाज नाही आला, नुसताच आत गेला.

पाना_पकड:
मग तुमचा बेल्ट फक्त झटका बसला की अडतो, एरवी मोकळाच. अशा वेळी बाळाच्या सीटवरचं, पट्टा पकडून ठेवणारं लॉक नीट लागलं पाहिजे. आणि माझा पहिला प्रश्न राहिलाच आहे, गाडीत कुठल्या जागेवर?

चिऊची_आई:
मध्ये. मागच्या सीटवर मधोमध. मध्ये सगळ्यात सेफ असं सगळीकडे वाचलं म्हणून.

पाना_पकड:
इथेच घोळ असणार. मध्ये सेफ खरं, पण सीट तिथे घट्ट बसत असेल तरच. बऱ्याच गाड्यांत मधली बैठक उंच आणि अरुंद असते, सीटचा तळ दोन्ही बाजूंनी अधांतरी राहतो. दुसरं, बकलची दांडी लांब असेल तर बकल वर येऊन सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर टेकतं. मग कितीही ओढा, ताण बकलवर जातो, पट्टा सैलच राहतो. बकल कुठे येतंय बघा.

चिऊची_आई:
हो!! निळ्या खुणेच्या खाचेत बकलच अडकलंय, पट्टा नाही.

रानवाटा:
बकलच्या दांडीला दोन पीळ द्या, खाली जाईल.

अबोली:
काही कंपन्या चालतं म्हणतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. विचारल्याशिवाय नको. आधी कडेची जागा बघा.

पाना_पकड:
हो, कडेलाच घ्या. गाडीचं हेडरेस्ट आड येत असेल तर वर करा किंवा काढा. एकाने सीटमध्ये तळहात टेकवून सगळं वजन टाकायचं, दुसऱ्याने आधी कमरेचा पट्टा ओढायचा, मग खांद्याचा, मग लॉक. हलवून बघितल्याशिवाय उठायचं नाही.

चिऊची_आई:
झालं!!! ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटमागे बसवली. बकल खालीच राहिलं, पट्टा सरळ निळ्या खाचेतून गेला, मी वजन टाकलं आणि नवऱ्याने ओढलं, आता पट्ट्यापाशी जेमतेम एक बोट हलतेय. पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागली पण मी तशीही मागेच बसणार आहे तिच्याजवळ. तीन दिवसांनी आज नीट झोप लागेल. पाना_पकड, अबोली, मनापासून आभार.

आजोबा_६८:
सूनबाई, तो सव्वाशे किलोचा हिशोब मुलाला वाचून दाखवला. नातू पुढच्या महिन्यात येतोय, त्याआधी सीट आणायला सांगितलीय.

मोगरा२२:
आधाराचा पाय (गाडीच्या तळावर टेकतो तो) असलेल्या सीटचं कुणाला माहीत आहे का? आमच्या गाडीत बरोबर त्या पायाखाली झाकणाचा कप्पा येतो.

पाना_पकड:
झाकण पोकळ असेल तर धडकेत खचू शकतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या जागेबद्दल काय दिलंय ते वाचा आणि इथे टाका, मग बघू.