इंधनावरचा कर टाळायचा सरळ मार्ग म्हणजे सायकल किंवा बस. पटतं का?

सायकलस्वार (धागाकर्ता)

इंधन महागलं की सगळीकडे एकच मागणी होते, कर कमी करा. मागणी रास्त असेल, पण ती मान्य होणं आपल्या हातात नाही. टाकीत किती भरायचं, ते आहे. दीड वर्षापूर्वी मी कामावर मोटार न्यायची बंद केली. अंतर आठ किलोमीटर. कोरड्या दिवसांत सायकल, पावसात बस. जाऊन-येऊन १६ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ३८४ किलोमीटर. गर्दीत माझी मोटार लिटरला १५ द्यायची. म्हणजे महिन्याला साडेपंचवीस लिटर वाचलं, आणि त्या प्रत्येक लिटरवरचा करही. थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरमध्ये जास्त इंधन खातं, त्यामुळे जवळच्या फेऱ्या मोटारीला सर्वात महाग पडतात. सायकलला नेमक्या त्याच सोप्या!

नेदरलँड्स बघा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव तीन डॉलरच्या आसपासवरून जवळजवळ बारापर्यंत गेला. तिथल्या सरकारने ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारींना बंदी घातली, आणि मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. महागाईनेच त्यांना सायकलकडे वळवलं. आपण का वळू नये?

आकडेमोड

हिशेब अर्धाच मांडलात. मोटार अजून दारात उभी आहे ना? मग तिचा विमा चालू आहे, ती वापरली नाही तरी दरवर्षी तिची किंमत उतरतेय, बॅटरी आणि टायर उभ्या जागी जुने होतायत. वाचलं ते फक्त इंधन. दुचाकीवाल्यांचं तर तेवढंही वाचत नाही. तेच ३८४ किलोमीटर लिटरला ४५ ने धरा, जेमतेम साडेआठ लिटर. बसचा पास काढला तर त्यातलं किती उरेल?

खरी बचत गाडी विकल्यावर होते, किंवा घरात दुसरी गाडी न घेतल्यावर. हे न सांगता लोकांना सायकल घ्या म्हणणं मला पटत नाही.

आणि कर टळला म्हणता, तो किती दिवस? विजेच्या गाड्या वाढल्या आणि इंधनकर आटू लागला, तेव्हा आइसलँडने जानेवारी २०२४ पासून त्या गाड्यांवर किलोमीटरमागे आकारणी सुरू केली. न्यूझीलंडने त्याच वर्षी एप्रिलपासून. सरकारला रस्त्यांसाठी पैसा लागतो, तो एका खिशातून आला नाही तर दुसऱ्यातून घेतला जातो.

डांबर

रस्तेबांधणीत आयुष्य गेलंय, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर बोलतो. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, झीज सोळापट. हे अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेरीस मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून तपासलं गेलं. या हिशेबात सायकलमुळे होणारी झीज शून्याच्या जवळ जाते. ज्याने रस्ता झिजवलाच नाही त्याने इंधनकर भरला नाही, तर त्यात अन्याय कसला?

बसचं मात्र तसं नाही. भरलेली बस रस्त्याला जड जाते, थांब्यापाशी डांबराच्या लाटा होतात त्या म्हणूनच. तरीही चाळीस माणसं एका बसमध्ये बसली की चाळीस मोटारींची जागा मोकळी होते. जागा हीच शहरातली सर्वात महाग वस्तू आहे, आणि ती कुणाच्याच इंधनाच्या पावतीवर दिसत नाही.

रातपाळी

तुम्ही तिघंही लिटर आणि डांबर मोजताय. मी रुग्णसेवेत आहे. पाळी रात्री साडेदहाला सुटते, शेवटची बस सव्वानऊची. सकाळी आधी मुलीला पाळणाघरात सोडायचं, मग सासूबाईंची औषधं, मग काम. तीन ठिकाणं तीन दिशांना. अंधाऱ्या रस्त्याने सायकलवर एकटी येऊ का? मला दुचाकी लागतेच, आणि ज्याला पर्याय नाही त्याला इंधनावरचा कर सर्वात जास्त बोचतो.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले ते याच दुखण्याने. त्यातले पुष्कळजण शहराबाहेर राहणारे, मोटारीवाचून काम न चालणारे. अखेर सरकारला जानेवारी २०१९ ची करवाढ मागे घ्यावी लागली.

आणि नेदरलँड्सची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर बसले, तेव्हा सायकलसाठी वेगळे मार्ग मागितले गेले. तेल पुढे स्वस्त झालं, तरी ते मार्ग राहिले आणि वाढले. महागाईने माणूस चार महिने सायकल चालवेल. सुरक्षित रस्ता असेल तर त्याची आठ वर्षांची मुलगीही चालवेल.

थांबा नंबर दोन

रातपाळीताईंना पूर्ण अनुमोदन. बसबद्दल एक भर घालतो. दर २० मिनिटांनी नेमाने बस येत असेल तर सरासरी वाट १० मिनिटं. त्याच बसेस दोन-दोन जोडीने यायला लागल्या, तर बस तेवढ्याच, पण वाट २० मिनिटं. हे रोज घडतं. उशीर झालेल्या बसला पुढच्या थांब्यावर जास्त माणसं भेटतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, आणि मागची रिकामी बस तिला गाठते. वेगळी मार्गिका दिली की हे बरंच आटोक्यात येतं. ब्राझीलमधल्या कुरितिबाने ती १९७४ मध्येच दिली. तिकीट स्वस्त करण्याआधी ही मागणी करायला हवी. लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट केली, तरी तिथले रस्ते आजही मोटारींनी भरलेले असतात.

सायकलस्वार

ताई, नेदरलँड्सबाबत तुमचं बरोबर आहे, मी सोयीचं तेवढंच सांगितलं. मी पुरुष आहे, माझी वेळ ठरलेली आहे, वाटेत कुणाला सोडायचं नसतं. माझी सोय मी सगळ्यांचा उपाय म्हणून मांडली, ते चुकलं.

पण एका गोष्टीवर ठाम आहे. माझ्यासारखे, ज्यांना जमतं आणि तरीही जे मोटार काढतात, त्यांची संख्या कमी नाही. ते आमच्या बाजूला आले तर तुमच्या दुचाकीला रस्ता मोकळा मिळेल, आणि बस भरून धावायला लागली तर साडेदहाच्या फेरीची मागणी कुणाला सहज फेटाळता येणार नाही.

आकडेमोड, तुमचा मुद्दा घरी मांडला. मोटार या महिन्यात विकायला काढतोय. कधीमधी लागली तर भाड्याने घेऊ. विमा, घसारा, भाडं सगळं धरून वर्षभराचा हिशेब इथेच लिहीन.

आकडेमोड

लिहा. सायकलची दुरुस्ती आणि पावसातले बसचे दिवसही त्यात धरा. आणि तोटा निघाला तर तोही लिहा.