मदत हवी आहे: उभ्या ट्रकला धडकून मृत्यू, गुन्हा मयतावरच नोंदवलाय. कुटुंबाने काय करावं?

तासगावची

माझ्या मामेबहिणीसाठी विचारतेय. तिचे यजमान (वय 34, कुपवाड एमआयडीसीत कायम नोकरी, पगार 24,000, पीएफ कापला जायचा) साताऱ्याहून मोटरसायकलवर परत येत होते. रात्री साडेआठच्या सुमारास उंब्रजच्या पुढे महामार्गावर उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडक बसली आणि ते जागीच गेले. ट्रकला दिवे नव्हते असं तिथे थांबलेल्या लोकांनी दिराला सांगितलं. पण एफआयआरमध्ये 'मयताने हयगयीने गाडी चालवून' असं लिहिलंय. आज 18 दिवस झाले. मागे बायको, 7 आणि 4 वर्षांची मुलं आणि सासू. घरी थोडी जमीन आहे, सासूच्या नावावर.

ट्रकच्या विमा कंपनीकडून माणूस येऊन गेला. म्हणाला, 'चूक तुमचीच आहे, केस उभी राहणार नाही, 5 लाख लगेच मिळतील, सही करा.' सही करावी का? आणि दावा साताऱ्यात लावायचा की सांगलीत?

पंचनामा

ताई, सही करू देऊ नका. आधी हे एवढं घरी कळवा, बाकीचं सावकाश वाचा.

ते 5 लाख म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 ची रक्कम. चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी 5 लाख द्यायचे, अशी ती तरतूद आहे. म्हणजे तो माणूस उपकार करत नाहीये. पण ही रक्कम तडजोडीने स्वीकारली की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो, असं 166 मध्येच लिहिलंय. खरी भरपाई 166 मध्ये असते.

एफआयआर मयतावर आहे म्हणून दावा बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फौजदारी कोर्टासारखा 'संशयातीत' पुरावा मागत नाही. कोणाची चूक असण्याची शक्यता जास्त, एवढं बघतं. मागून धडक म्हटली की पोलीस सवयीने मागच्याचं नाव घालतात, तो मेला असेल तर अबेट समरी (आरोपी मयत म्हणून केस बंद करा, असा कोर्टाला अहवाल) पाठवून फाइल बंद करतात. म्हणून समरी जायच्या आत हालचाल करा.

सगळ्यात आधी घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापासून ट्रकचं उजवं मागचं चाक किती अंतरावर होतं? ट्रक पट्ट्याच्या आत, म्हणजे लेनमध्ये, फूट-दोन फूट जरी उभा असेल तरी पारडं फिरतं. दुसरं, धडक ट्रकच्या कोणत्या भागाला बसली? उजव्या मागच्या कोपऱ्याला असेल तर ट्रक रस्त्यात आला होता हे त्यावरूनच दिसतं. तिसरं, टेललॅम्प, लाल रिफ्लेक्टर पट्ट्या आणि मागे ठेवलेला त्रिकोण यांचा उल्लेख आहे का? 'वाहने बाजूला घेतलेल्या स्थितीत' असं वाक्य असेल तर पंचनामा गाड्या हलवल्यानंतर झालाय. तेव्हा पहिले फोटो कोणी काढले ते शोधा. ॲम्ब्युलन्सवाले, हायवे पोलीस, शेजारचा ढाबा, सगळीकडे विचारा.

मोटार वाहन निरीक्षकाने ट्रक तपासल्याचा अहवालही मिळवा. मागचे दिवे चालू स्थितीत होते का हे त्यात येतं. ट्रक सुटून गॅरेजला गेला की नवा दिवा बसतो आणि पुरावा जातो. ट्रक अजून ठाण्यात असेल तर दिराने आजच जाऊन मागच्या बाजूचे फोटो काढावेत.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की पेट्रोल पंप, ढाबे आणि तासवडे टोलनाक्याचं त्या रात्रीचं फुटेज जप्त करा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

बायकोने पोलीस निरीक्षकांना लेखी तक्रार द्यावी: ट्रक विनादिवे, धोकादायक रीतीने उभा होता (मोटार वाहन कायदा कलम 122), भारतीय न्याय संहितेची कलमं 106(1) आणि 285 ट्रकचालकावर लावा. सोबत त्या रात्री थांबलेल्या लोकांची नावं द्या, त्यांचे जबाब मागा. घेतलं नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

हिशेबी

आकडे डोळ्यासमोर असले की सहीचा मोह होत नाही, म्हणून मांडतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. वय 40 च्या आत आणि नोकरी कायम असेल तर पगारात भविष्यातल्या वाढीचे 50 टक्के मिळवायचे. ठरावीक पगारावर किंवा स्वतःच्या धंद्यात असेल तर 40 टक्के. अवलंबून असणारे 4 ते 6 असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा. वय 31 ते 35 साठी गुणक 16.

कमीत कमी धरू, 40 टक्के. 24,000 चे 33,600 झाले. पाव वजा जाऊन 25,200. वर्षाचे 3,02,400, गुणिले 16 म्हणजे 48,38,400. शिवाय सहवास हरवल्याबद्दल बायको, दोन मुलं आणि आई यांना प्रत्येकी 40,000, तसंच मालमत्तेच्या हानीचे आणि अंत्यविधीचे 15,000-15,000. हे 2017 चे आकडे दर 3 वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढतात. दोन वाढी धरल्या तर 48,400 आणि 18,150. एकूण 50,68,300. वर व्याज.

आता समजा न्यायाधिकरण म्हणालं, दोघांचीही निम्मी निम्मी चूक. तरी 25,34,150 उरतात. समोर ठेवलेत 5 लाख.

नोकरी 'कायम' असल्याचा कागद नीट ठेवा. 40 ऐवजी 50 टक्के धरले की 3,45,600 चा फरक पडतो. नेमणूकपत्र, गेल्या वर्षाच्या पगारपावत्या, फॉर्म 16, पीएफ पासबुक आणि पगार जमा होणारं बँक खातं, सगळं हवं. नुसतं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र टिकत नाही. कंपनीचा माणूस पगाराचं रजिस्टर घेऊन साक्षीला यावा लागतो.

जमिनीच्या उत्पन्नावर फार भिस्त ठेवू नका. 'जमीन तर जागेवरच आहे' हे वाक्य विमा कंपनीचा वकील हमखास टाकतो.

वाळवेकर

दाव्यावर वरती आलंच आहे. पण दाव्याला वर्षं लागतात आणि घर आज चालवायचंय. त्यासाठी मिळू शकणाऱ्या पैशांपैकी दोन गोष्टींची मुदत 30 दिवसांची आहे. तुमच्याकडे 12 दिवस उरलेत.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. मृत्यूला 2 लाख. सातबारा आईच्या नावावर असला तरी खातेदाराच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्य यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारस नोंद (गाव नमुना 6-क), वयाचा पुरावा, एफआयआर आणि पंचनामा लागतो. गाडी ते स्वतः चालवत होते, म्हणून लायसन्सची नक्कलही जोडा. वारस नोंदीला वेळ लागतो, तेव्हा तलाठ्याकडे उद्याच जा.

दुसरं, त्यांचं बँक पासबुक काढा आणि मे अखेरच्या पानावर 20 रुपये कापल्याची बारीकशी नोंद आहे का बघा. असेल तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, 2 लाख. त्याच शाखेत दावा द्यायचा. तिथेच 436 रुपयांची नोंद दिसली तर जीवन ज्योतीचे आणखी 2 लाख.

आणि जे बरेच जण विसरतात ते: मोटरसायकल त्यांच्याच नावावर होती का? त्यांची स्वतःची पॉलिसी उघडा. 'ओनर-ड्रायव्हर पर्सनल ॲक्सिडेंट' अशी ओळ असून त्यापुढे प्रीमियम भरलेला असेल तर 15 लाख मिळतात. इथे चूक कोणाची हा प्रश्नच नाही. लायसन्स चालू हवं आणि दारू प्यायल्याचं निघता कामा नये. दुचाकीला फक्त थर्ड पार्टी विमा करून घेताना ही ओळ पुष्कळदा गळते, म्हणून कागद डोळ्यांनी बघा.

पीएफच्या जोडीने ईडीएलआय विमा असतो, कमाल 7 लाख. त्याचा फॉर्म 5 आयएफ, बायको-मुलांच्या पेन्शनचा 10 डी. दोन्ही कंपनीमार्फत. हे पैसे घेतल्याने ट्रकवरचा दावा कमी होत नाही.

तासगावची

खूप आधार वाटला. पॉलिसीत ती ओळ आहे, प्रीमियमही भरलाय. गाडी आणि लायसन्स दोन्ही त्यांच्याच नावावर. एका वकिलांनी मिळणाऱ्या रकमेच्या 20 टक्के मागितलेत, तसं स्टॅम्पवर लिहून द्या म्हणतात. आणि ट्रकमालकाने निरोप पाठवलाय की 3 लाख रोख देतो, तक्रार नाही असं ॲफिडेव्हिट करा.

पंचनामा

रकमेवर टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात. ठरावीक फी ठरवा आणि पावती घ्या. फी परवडत नसेल तर बहिणीने सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोणाचंही ऐकून कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही नको.

ट्रकमालकाचं ॲफिडेव्हिट तर अजिबात नको. 106 चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, पण तो कागद उद्या न्यायाधिकरणात 'कुटुंबाची तक्रार नव्हती' म्हणून तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल.

जागेचं राहिलं होतं. अपघात सातारा जिल्ह्यातला असला तरी दावेदार राहतात तिथेही दावा लावता येतो, म्हणजे सांगलीत. मुलांना घेऊन बहिणीला तेच सोयीचं. मुदत अपघाताच्या तारखेपासून 6 महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. सासूचं नाव अर्जदारांत घालायला विसरू नका, तिचाही स्वतंत्र हक्क आहे. ट्रकचा मालक, चालक आणि विमा कंपनी तिघेही जाबदार. विम्याची माहिती गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन ॲपवर दिसते, अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का तेही तिथेच बघा.

पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो ट्रकवाल्याच्या बाजूने गेला तरी घाबरू नका, तुमचा दावा वेगळा चालतो. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत अपील. सातारा-सांगलीची अपिलं ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली.

मुलांच्या वाट्याचे पैसे बहुधा 18 वर्षांपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहतील. शाळेच्या फीसाठी व्याज दरमहा बहिणीच्या खात्यात यावं, अशी विनंती दाव्याच्या अर्जातच लिहून घ्या.

तासगावची

दीर आत्ता उंब्रजला निघालाय. ट्रक अजून ठाण्याच्या आवारातच आहे.

पंचनामा

मागचे दोन्ही दिवे, त्यांच्या वायरी, नंबरप्लेट आणि उजवा कोपरा, प्रत्येकाचा जवळून एक आणि लांबून एक फोटो. मोबाइलमध्ये तारीख-वेळ चालू ठेवायला सांगा, आणि मूळ फाइल डिलीट करू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत चालत नाही असं समजूनच चाला.