अ‍ॅझलिस्टचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा साइज छापून बघावा

रिकामटेकडा_कंपाइलर
काल एका ग्रुपवर वाचलं: ‘जावात इन्ट अ‍ॅरेची लिस्ट करायला स्ट्रीम, बॉक्स्ड, कलेक्ट हे शेपूट कशाला? अ‍ॅरेज.अ‍ॅझलिस्ट आहे की!’ खाली लाइकांचा पाऊस. राहवलं नाही. (नवख्यांसाठी: जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, इन्ट म्हणजे साधा पूर्णांक, अ‍ॅरे म्हणजे ठरावीक लांबीची रांग, लिस्ट म्हणजे यादी.)

अहो, पाच आकड्यांचा अ‍ॅरे दिलात तरी लिस्टचा साइज 1 येतो. जेनेरिकच्या ‘टी’त (लिस्टच्या घटकाचा प्रकार, तिथं ऑब्जेक्टच लागतो) इन्ट बसत नाही, अ‍ॅरे मात्र ऑब्जेक्ट, म्हणून तो अख्खाच्या अख्खा एक घटक होऊन बसतो. 2004 मध्ये जावा 5 येईपर्यंत कंपाइलर (कोड तपासून भाषांतर करणारा) हे दारातच अडवायचा. व्हॅरार्ग्ज (कितीही घटक स्वीकारायची सोय) आले आणि पहारेकरी झोपला.

आमच्याकडे डिलिव्हरीचे पिनकोड इन्टच्या अ‍ॅरेत होते. एका पोरानं अ‍ॅझलिस्ट करून वर कन्टेन्स (घटक यादीत आहे का ते सांगणारं) लावलं. कंपाइल झालं, एरर नाही, उत्तर कायम फॉल्स. 411038 काय नि 400028 काय, सकाळपासून सगळ्यांना ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’.

फॉरलूपच_बरा
निदान बरोबर, औषध चूक. मुळात लिस्ट हवीच कशाला? इन्टला 4 बाइट. इन्टीजर (इन्टचं ऑब्जेक्टच्या खोक्यात घातलेलं, म्हणजे बॉक्स्ड रूप) केलात की नेहमीच्या 64 बिट जेव्हीएमवर (जावा चालवणारा प्रोग्राम) ऑब्जेक्टचे 16, वर रेफरन्सचे, म्हणजे त्याच्या पत्त्याचे 4. दहा लाख आकड्यांचे 4 एमबी होते, झाले 20. फॉर लूपनं शोधायला बोटं झिजतात का?

अजगरप्रेमी
पायथनमध्ये लिस्ट म्हटलं की लिस्ट. चालू द्या तुमचं.

फॉरलूपच_बरा
तुमच्या लिस्टमध्ये सगळंच बॉक्स्ड. तक्रार करायला प्रिमिटिव्ह (इन्टसारखा बिनखोक्याचा प्रकार) तरी आहे का?

खवट_रिव्ह्यूअर
खरी गंमत बॉक्स केल्यावर. लिस्टमधले दोन 127 डबल इक्वलनं (==, ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं) ताडून बघा, ट्रू. दोन 128 बघा, फॉल्स. उणे 128 ते 127 कॅशमधले (आधीच बनवून ठेवलेले), पुढचे प्रत्येक वेळी नवे. इंटरव्ह्यूला मी हेच विचारतो, दहातले आठ गार.

नोटीस_पिरियड
आलं! तुमच्यासारख्यांमुळेच मी तीन राउंड पार करून चौथ्यात घरी आलो. सहा वर्षं पेमेंटचं काम केलेल्या माणसाला 127 विचारता? मुलाखत घेता की हळदीकुंकवाला उखाणा?

खवट_रिव्ह्यूअर
पेमेंटच्या कोडमध्ये डबल इक्वल पडलं तर रडाल. टेस्टमधले आयडी शंभरच्या आत, सगळं हिरवंगार. प्रॉडक्शनला 128वा गिऱ्हाईक आला की बोंब.

नोटीस_पिरियड
इक्वल्स (किंमत ताडणारं) वापरा म्हणून आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) पिवळी रेघ ओढून सांगतो. पाठांतराला हुशारी म्हणणाऱ्यांच्या हाताखाली काम न करणंच बरं.

खवट_रिव्ह्यूअर
पिवळ्या रेघा बघणारे आमच्याकडे येतच नाहीत, हेच तर दुखणं. पगार मात्र तीस टक्के वाढवून हवा.

नोटीस_पिरियड
पगारावर येऊ नका. तुमच्या कंपनीचे ऑफर लेटर किती दिवसांनी निघतं ते इथं लिहू का?

मधली_सुट्टी
मंडळी, धागा अ‍ॅरेचा आहे. (रिमूव्ह कोणीच काढलं नाही म्हणून: लिस्टमधून 5 हा आकडा काढायला रिमूव्ह(5) लिहिलंत तर पाचव्या इंडेक्सवरचा (जागेच्या क्रमांकावरचा) जातो. माझी एक अख्खी शनिवार रात्र यात गेली.)

फॉरलूपच_बरा
बरं बाबा, फ्रेमवर्कला लिस्टच लागत असेल तर घ्या तुमचं बॉक्स्ड. जावा 16 पासून पुढे बॉक्स्डनंतर कलेक्टऐवजी नुसतं टूलिस्ट लावलं की झालं, एवढं मान्य. पण तिच्यात नंतर अ‍ॅड करायला जाल आणि अनसपोर्टेडऑपरेशन (ही लिस्ट बदलता येत नाही अशी एरर) आलं की इथं नवा धागा काढू नका.

खवट_रिव्ह्यूअर
ते पिनकोडवालं रिव्ह्यूत पास कुणी केलं पण? आणि त्या पोराचं पुढे काय झालं?

रिकामटेकडा_कंपाइलर
पोरगा मीच. पास करणारे साहेब आता इंटरव्ह्यूला 127 विचारतात.