क्लायंटला कुठला पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप) सांगायचा? मी बिटवॉर्डन सांगतो, तुम्ही?

परळचा_आयटीवाला
मी लालबाग-परळ-दादर पट्ट्यात छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघतो. दवाखाने, दोन सीए, एक ट्रॅव्हल्सवाले. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात गेलो तर रिसेप्शनच्या मॉनिटरखाली सेलोटेपने कागद चिकटवलेला, त्यावर जीमेल, लॅबचं पोर्टल, बँकेचा युजर आयडी सगळं ओळीने लिहिलेलं आणि पासवर्ड सगळीकडे एकच, दवाखान्याचं नाव आणि पुढे १२३. कागद लिहिणारी मुलगी नोकरी सोडून चार महिने झाले होते आणि जीमेलचा रिकव्हरी नंबर अजून तिचाच. मुलगी चांगली, तिने फोनवर ओटीपी सांगितला म्हणून खातं हातात आलं.

माझं मत ठाम आहे. क्लायंटला तेच द्या जे उद्या आपण नसलो तरी त्याला उघडता येईल. खातं त्याच्या नावावर, मास्टर पासवर्ड (बाकी सगळे उघडणारा एकच मुख्य पासवर्ड) त्याचा, आपल्याला तो माहीतसुद्धा नको. मी स्वतः बिटवॉर्डन वापरतो आणि तेच सांगतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कोणालाही तपासता येतो, फुकटच्या खात्यात कितीही पासवर्ड, कितीही डिव्हाइस, आणि उद्या सोडायचं म्हटलं तर सगळं एक्स्पोर्ट करून बाहेर पडता येतं.

माझी_फाइल_माझ्याकडे (डोंबिवली)
अजिबात पटलं नाही. क्लाउडवाल्यांच्या भरवशावर स्वतःचं ठेवा हवं तर, क्लायंटचं कशाला? लास्टपास या पासवर्ड मॅनेजरवाल्या कंपनीचं विसरलात का? ऑगस्ट २०२२ मध्ये म्हणाले ग्राहकांच्या व्हॉल्टला, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीला, हात लागलेला नाही, आणि डिसेंबरात कबूल केलं की व्हॉल्टच्या बॅकअप कॉप्या चोरीला गेल्या. त्यात वेबसाइटचे पत्ते तर एन्क्रिप्टही केलेले नव्हते, म्हणजे कोणाचं कुठल्या बँकेत खातं आहे हे चोराला कुलूप न उघडताच दिसलं. आणि कॉपी एकदा त्याच्या हातात गेली की तो वर्षानुवर्षं पासवर्ड मारून बघू शकतो, आपण इकडे मास्टर पासवर्ड बदलला तरी त्या जुन्या कॉपीला काय फरक पडतो. मी कीपासएक्ससी वापरतो, ते सगळे पासवर्ड आपल्याच मशीनवर एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतं. एक फाइल माझ्या लॅपटॉपवर, एक कॉपी पेनड्राइव्हवर कपाटात.

परळचा_आयटीवाला
लास्टपासचं खरंच आहे, ते कोणी नाकारू नये. पण त्यात सगळ्यात जास्त धोका कुणाला झाला तेही बघा. ज्यांचा मास्टर पासवर्ड छोटा होता आणि ज्यांच्या जुन्या खात्यांत मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवायच्या फेऱ्या (जितक्या जास्त तितकं चोराला पासवर्ड मारून बघणं जड) अगदी कमी राहून गेल्या होत्या, काहींच्या ५,००० तर काहींची चक्क १. आता बिटवॉर्डनचा डिफॉल्टच ६ लाख फेऱ्यांचा आहे, शिवाय अर्गॉन२आयडी ही किल्ली बनवायची चोराला आणखी जड जाणारी पद्धत निवडता येते.

तुमच्या फाइलबद्दल आदर आहे, तुम्हाला ती सांभाळता येते. दवाखान्यात सकाळची रिसेप्शनिस्ट एका मशीनवर फाइल बदलणार, संध्याकाळची दुसऱ्या मशीनवर, मग दोन फाइली, आणि खरी कुठली ते डॉक्टर मला रात्री दहाला फोन करून विचारणार.

वहीच_बरी (गिरगाव)
तुम्ही दोघं मोठ्या गोष्टी करताय. माझ्या सासऱ्यांचं वय ७४, त्यांना ॲप उघडायला लावणं म्हणजे रोजची चिडचिड. आम्ही वही केली, कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. रशियातला हॅकर गिरगावातल्या चाळीत येऊन कपाट उघडणार आहे का? घरात चोर आला तरी तो दागिने बघेल. मला हे अगदी मनापासून वाटतं, म्हाताऱ्या माणसांना वहीच द्या.

कलिना_तळमजला
ताई, वहीला मी नावं ठेवणार नाही, मॉनिटरवरच्या कागदापेक्षा ती शंभरपट बरी. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा आमचं तळमजल्यावरचं ऑफिस छातीभर पाण्यात होतं. वह्या वाळवल्या तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि शाई निळा डाग होऊन पसरलेली. एकच वही असेल तर ती एकदाच भिजावी लागते.

दुसरं म्हणजे वही खोटी साइट ओळखत नाही. आईला मेसेज आला, बिल भरलं नाही, आज रात्री लाइट कापणार. लिंक उघडली तर हुबेहूब बँकेसारखं पान. तिच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर होता, त्याने काहीच भरायला दिलं नाही कारण पत्ता वेगळा होता, आणि ती म्हणाली अरे हे रोज आपोआप येतं, आज का येत नाही? तेवढ्यात मी पोचलो. वही असती तर तिने चष्मा लावून एकेक अक्षर बघून टाइप केलं असतं.

आर्टिकलशिप_चालू (ठाणे)
आमच्या ऑफिसात क्रोममध्येच सेव्ह करतात सगळं. फुकट आहे, वेगळं काही शिकवावं लागत नाही. का नको? दीडशे क्लायंटचे इन्कम टॅक्सचे पासवर्ड आहेत.

परळचा_आयटीवाला
घरी एकट्यासाठी क्रोम चालेल, मी भांडणार नाही. ऑफिसात एका मशीनवर चार आर्टिकल (सीएकडे शिकणारी मुलं) बसतात आणि प्रोफाइल उघडंच असतं, म्हणजे जो बसेल त्याला दीडशे लोकांच्या चाव्या. आणि तुमच्या सरांना हेही सांगा की २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. बिटवॉर्डनची ऑर्गनायझेशन (ऑफिसचं सामायिक खातं) करा, कलेक्शन (पासवर्डचे वेगवेगळे गट) पाडा, ज्याचं जे काम त्याला तेवढंच दिसेल, सोडून गेला की त्याचं नाव काढा आणि त्याने पाहिलेले पासवर्ड बदला. फुकटात मात्र दोनच माणसं बसतात, तुम्हाला पैसे भरावे लागतील. ते भरा.

माझी_फाइल_माझ्याकडे (डोंबिवली)
ऑर्गनायझेशनचं मान्य, ऑफिसला फाइल पुरत नाही. पण डॉक्टरच मास्टर पासवर्ड विसरले तर? बिटवॉर्डनवाले तर रिसेट करून देत नाहीत. तुम्ही म्हणता आपल्याला माहीत नको, मग कोणाला?

परळचा_आयटीवाला
प्रश्न बरोबर आहे, मी त्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. डॉक्टरांकडे सापशिडीचा फासा मागितला, शब्दकोशाची पानं फाशाने काढली, पाच साधे शब्द निघाले. रोमन अक्षरांत ठेवले, कारण दुसऱ्याच्या मशीनवर मराठी कीबोर्ड मिळेलच असं नाही. त्यांनी तो पासवर्ड माझ्याकडे पाठ फिरवून सात-आठ वेळा टाइप केला, मी खिडकीतून खाली बघत उभा होतो. मग प्रीमियम घेऊन बायकोला इमर्जन्सी ॲक्सेस, मुदत सात दिवस. तिने मागितलं आणि डॉक्टरांनी सात दिवसांत नाही म्हटलं नाही तर तिला उघडतं. टू-स्टेपचा (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणाऱ्या लॉगिनचा) रिकव्हरी कोड मात्र कागदावर, कारण फोन लोकलमध्ये गेला तर तोच लागतो.

वहीच_बरी (गिरगाव)
म्हणजे शेवटी कागद आलाच ना! तो कुठे ठेवला?

परळचा_आयटीवाला
हो ताई, आला. मास्टर पासवर्ड आणि कोड दोन्ही एका पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकमध्ये, बँकेच्या लॉकरमध्ये. सासऱ्यांची वही राहू दे, फक्त जीमेल आणि बँकेचे पासवर्ड वेगवेगळे करा आणि एक प्रत मुलाकडे द्या.

माझी_फाइल_माझ्याकडे (डोंबिवली)
मी माझी फाइल हलवणार नाही. पण बायकोला ती कशी उघडायची हे अजून दाखवलेलं नाही, आज रात्री बसतो तिच्यासोबत.