‘घरचा आहेर’ नेमका कधी म्हणायचा?

शीर्षककार

सत्ताधारी आमदार सभागृहात स्वतःच्याच सरकारला धारेवर धरतो, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला : ‘सरकारला घरचा आहेर’. पण पक्ष सोडून गेलेला नेता बोलला तरी तोच मथळा, मित्रपक्षाने टोचले तरी तोच आणि पक्षाध्यक्षाने कार्यकर्त्यांना सुनावले तरी तोच. या शब्दाची हद्द कुठवर आहे? नाराज, असंतुष्ट, बंडखोर, फुटीर हे शब्दही एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांतला फरक कसा सांगाल?

कोशवाचक

लग्नाच्या मांडवात जाऊन पाहिले की हद्द कळते. घरचा आहेर म्हणजे घरच्याच माणसांनी घरच्याच माणसाला, चारचौघांदेखत केलेला आहेर. लाक्षणिक अर्थात कौतुकाच्या जागी टीका आली, बाकी मांडणी तीच राहिली. म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात : देणारा आज घरचा आहे का, घेणारा त्याच घरचा आहे का, आणि आहेर मांडवात झाला का. यांतली एक जरी नसली तरी शब्द बदलावा.

यशवंत सिन्हांचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी इंग्रजी दैनिकात लेख लिहून अर्थव्यवस्थेच्या स्थितीबद्दल केंद्र सरकारवर टीका केली. ते माजी अर्थमंत्री होते आणि त्या दिवशी भाजपचे सदस्यही होते. हा अस्सल घरचा आहेर. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. त्यानंतर ते जे बोलले ती विरोधकाची टीका. माणूस तोच, मुद्देही बरेचसे तेच, पण आहेर हा शब्द तिथे संपतो.

तिसरी अट लोक विसरतात. ऑगस्ट २०२० मध्ये काँग्रेसच्या २३ नेत्यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिले आणि पूर्णवेळ, दिसणारे नेतृत्व मागितले. सह्या करणाऱ्यांत पृथ्वीराज चव्हाण, मुकुल वासनिक, मिलिंद देवरा ही महाराष्ट्रातली नावे होती. ते पत्र पक्षाच्या आत पाठवलेले होते. बाहेर आले ते वर्तमानपत्रांतून, कार्यकारिणीच्या २४ ऑगस्टच्या बैठकीच्या तोंडावर. लिहिले तेव्हा ती अंतर्गत तक्रार होती, छापून आल्यावर तिचा परिणाम आहेरासारखा झाला. अशा वेळी ‘पत्र उघड झाले’ एवढे साधे लिहिणेच बरोबर. ‘लेटरबॉम्ब’ या शब्दाने हेतू पत्र लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो. बाहेर काढणारा कदाचित दुसराच असतो.

मुद्रितशोधक

दिशाही पाहायला हवी. आहेर बरोबरीच्याकडून किंवा खालून वर जातो. वरून खाली येते ती कानउघाडणी किंवा कानपिचक्या. डिसेंबर १९८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात राजीव गांधींनी पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर कडक टीका केली. टीका स्वपक्षावर होती, जाहीर होती, पण बोलणारा पक्षाध्यक्ष होता. घराचा कर्ताच बोलतो तेव्हा त्याला आहेर म्हणता येत नाही.

व्याकरणातली एक नेहमीची चूक : ‘काँग्रेसचा घरचा आहेर’. यात काँग्रेसने दिला की काँग्रेसला मिळाला? ‘चा’ देणाऱ्याला आणि ‘ला’ घेणाऱ्याला लावा, दोन्ही लिहा : ‘खासदाराचा पक्षाला घरचा आहेर’. जागा कमी असेल तर ‘चा’ गाळा, ‘ला’ ठेवा. क्रियापद मुळात ‘आहेर करणे’; ‘देणे’ आता रुळले आहे, त्याला चूक म्हणू नये. अहेर आणि आहेर दोन्ही छापलेले दिसतात, एका अंकात एकच ठेवा.

विधिवार्ता

बंडखोर आणि फुटीर हे शब्द वापरताना कायदा डोळ्यांसमोर ठेवा. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. तिच्यात आमदार-खासदार अपात्र होण्याच्या मुख्य वाटा दोन : सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे, आणि पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान करणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे. दुसऱ्या प्रकारात पक्षाने १५ दिवसांत माफ केले तर अपात्रता येत नाही. भाषणात किंवा लेखात केलेली टीका यात थेट कुठेच बसत नाही.

गुंता पहिल्या वाटेत आहे. गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले की राजीनामा दिला नसला तरी वर्तनावरून सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. हाच धागा धरून जदयूचे शरद यादव डिसेंबर २०१७ मध्ये राज्यसभेतून अपात्र ठरले. ऑगस्टमध्ये ते पाटण्यात विरोधी राजदच्या सभेला गेले होते. उलट बाजूला कर्नाटकचे जारकीहोळी प्रकरण आहे. तिथे भाजप आमदारांनी स्वपक्षाचेच मुख्यमंत्री येडियुरप्पांना दिलेला पाठिंबा काढल्याचे पत्र राज्यपालांना दिले आणि विधानसभा अध्यक्षांनी त्या आमदारांना अपात्र ठरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नेत्याला विरोध म्हणजे पक्ष सोडणे नव्हे, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. म्हणून नुसत्या टीकेवर ‘पक्षांतर’ किंवा ‘फूट’ छापणे ही वस्तुस्थितीची चूक आहे.

आणि कृपया ‘प्रतोद बजावला’ लिहू नका. संस्कृतात प्रतोद म्हणजे जनावर हाकायची पराणी, पण विधिमंडळाच्या मराठीत तो माणूस आहे, पक्षादेश बजावणारा. बजावला जातो तो पक्षादेश किंवा व्हिप.

शीर्षककार

टीकेनंतरच्या कारवाईचे शब्द? निलंबन, हकालपट्टी, बडतर्फी यांचीही सरमिसळ होते.

विधिवार्ता

निलंबनात सदस्यत्व थांबते, संपत नाही. हकालपट्टीत संपते, बहुधा ठरावीक वर्षांसाठी. मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा पत्रातून उपस्थित केला आणि काही दिवसांतच त्यांची सहा वर्षांसाठी हकालपट्टी झाली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. बडतर्फी पदावरून होते, पक्षातून नव्हे. मोहन धारियांनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्याशी संवादाची बाजू घेतली, म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांना केंद्रीय राज्यमंत्रिपदावरून दूर केले गेले. तिथे ‘हकालपट्टी’ लिहिले तर वाचकाला वाटेल की ते त्याच दिवशी काँग्रेसबाहेर गेले.

कोशवाचक

आता ‘नाराज’. या शब्दाने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. नाराज माणसाला काहीतरी हवे होते आणि मिळाले नाही : मंत्रिपद, तिकीट, महामंडळ. धोरणावर बोलणाऱ्याला नाराज म्हटले की त्याचा मुद्दा बाजूला पडतो आणि चर्चा त्याला काय मिळाले नाही याची होते. सिन्हांच्या लेखानंतर तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी त्यांना ऐंशीव्या वर्षी नोकरी मागणारे म्हटले. जेटली राजकारणी होते, टीकाकाराला तसे म्हणणे हा त्यांचा डाव होता. वार्ताहराने मात्र तेच काम ‘नाराज’ या एका विशेषणाने करू नये. पद नाकारल्याचा पुरावा बातमीत असेल तरच नाराज लिहा. नसेल तर ‘टीकाकार’, ‘मतभेद असलेले’. ‘असंतुष्ट’ गटाला शोभतो.

बंडखोराचा मराठी निवडणुकीतला अर्थ अगदी नेमका आहे : तिकीट नाकारल्यावर पक्षाच्या अधिकृत उमेदवारासमोर उभा राहिलेला. जून २०२२ नंतर शिवसेनेत एक बाजू ‘गद्दारी’ म्हणत होती, दुसरी ‘उठाव’, वर्तमानपत्रे ‘बंड’. पहिले दोन शब्द त्या त्या बाजूचे आहेत, अवतरणात घ्यावेत. ‘फितूर’ तर टाळाच. त्यात आतून शत्रूला मिळाल्याचा आरोप आहे, उलटलेल्या साक्षीदारासाठी तो राहू द्या.

मुद्रितशोधक

‘झारीतला शुक्राचार्य’सुद्धा. आज त्याचा अर्थ लपून काम अडवणारा. जाहीर टीकाकार लपलेला नसतो, म्हणून तो चुकतोच. शिवाय मूळ कथेत शुक्राचार्य बळीचे स्वतःचे गुरू. वामनाला दान देऊ नकोस, असे ते आधी तोंडावर सांगतात. बळी ऐकत नाही, तेव्हा ते झारीच्या तोटीत जाऊन बसतात आणि एक डोळा गमावतात. कथेतला पहिला भाग घरच्या आहेराच्या जास्त जवळ आहे, पण वाक्प्रचाराने तो टाकून दिला.

शीर्षककार

मित्रपक्षाचे राहिले. आणि जून २०२४ मध्ये सरसंघचालक नागपुरात म्हणाले की मणिपूर वर्षभर शांततेची वाट पाहत आहे. त्याला काय म्हणावे?

कोशवाचक

मित्रपक्ष म्हणजे व्याही. लग्नाने जोडलेला, पण घर वेगळे. ‘मित्रपक्षाचा टोला’ किंवा ‘मित्रपक्षाने सुनावले’ लिहा. संघ भाजपचा घटक नाही, वेगळी संघटना आहे, आणि तिथून येणारा शब्द वडीलधाऱ्याचा समजला जातो. म्हणून ‘कानपिचक्या’ चालेल, पण त्यातही तुमचा अंदाज मिसळतो. सरसंघचालकांचे वाक्य जसेच्या तसे मथळ्यात घ्या.