घरची बदाम-चॉकलेटं: तुमचे किस्से लिहा, फसलेले आधी

काल ओट्याखालचं कपाट आवरताना चॉकलेटचा जुना साचा सापडला, बदामाच्या आकाराचा, एका कोपऱ्याला चीर गेलेली. शाळेत असताना मी आणि आत्तेबहीण दुपारी सगळे झोपले की चॉकलेटं करायचो. एकदा वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओला चमचा गेला आणि बघता बघता त्याचा कणीदार चिखल झाला, आम्हाला वाटलं आच कमी पडतेय, अजून तापवलं, मग करपलं. वासाने आत्या उठली. ओरडली नाही, एक गोळा तोंडात टाकून म्हणाली "बदाम मात्र छान भाजलेत गं". साचा काही टाकवेना.

—

ओला चमचा!! माझ्याकडे तर चमचा पण कोरडा होता, डबल बॉयलरची (खाली गरम पाणी, वर चॉकलेटचं भांडं) वाफ गेली आत. वरचं भांडं मोठं घ्यायचं आणि खालचं पाणी त्याला टेकू द्यायचं नाही हे नंतर कळलं. असं आवळलं तर फेकू नका कोणी, गरम दूध चमचा चमचा घालून ढवळत रहा, मस्त सॉस होतो. वड्या विसरा.

—

आमच्याकडे साच्यापर्यंत काही पोचतच नाही, पातेलं चाटूनच संपतं, त्यामुळे पास 😀

—

मी पहिल्यांदा केलेली काजू चॉकलेटं चार दिवसांत पांढरी पडली. साबांनी (सासूबाईंनी) बुरशी समजून डबा रिकामा केला केरात. बुरशी नव्हती, कोको बटर वर आलं होतं, खायला काही प्रॉब्लेम नसतो. साबांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

—

टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून, उतरवून परत तापवणं, नीट झालं नाही की होतं ते. मी हट्टाने थर्मामीटर आणला. डार्क ४५ डिग्रीला वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ ला न्यायचं. तीनदा फसलं. चौथ्यांदा तुकडा मोडताना टक् असा आवाज आला तेव्हा रात्रीचे साडेबारा, घरात कोणी जागं नाही. अर्धा ट्रे नुसता आवाजासाठी मोडला.

—

काका कंपाउंड चॉकलेट घ्या की, वितळवा ओता संपलं, टेम्परिंगची कटकटच नाही

—

काका कोणाला, ३४ चा आहे मी. आणि कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, जिभेवर मेणासारखं बसतं ते.

—

आमच्या कुत्रीने ओट्यावरचा अख्खा ट्रे पळवला होता, अक्रोड आणि डार्क. डॉक्टरांकडे पळालो, उलटी करवावी लागली, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना पचत नाही. ती रात्र आठवली तरी पोटात गोळा येतो. तेव्हापासून ट्रे फ्रीजच्या डोक्यावर.

—

बापरे 🙏
माझं एवढंच, अक्रोड भाजल्यावर पूर्ण गार करून घाला आणि आधी एक चावून बघा. एकदा खवट निघाले, दोन ट्रे वाया.

—

चीर गेलेल्या साच्यात मी मेणबत्त्या करते. टाकायचा असेल तर मला द्या.

—

नाही देणार 😀 आत्याला आत्ता फोनवर धागा वाचून दाखवला. ती म्हणते ते बदाम तिनेच भाजून डब्यात ठेवले होते, आम्ही चोरले. म्हणजे तेव्हा ती स्वतःचंच कौतुक करत होती!

—

हाहाहा आत्या ग्रेट. कुत्री कशी आहे आता?

—

ठणठणीत. फ्रीजकडे बघत बसलीये.