लेखी युक्तिवादात न्यायनिर्णयातील उतारे कसे मांडावेत?

प्रश्न (कनिष्ठ वकील, देवरुख)

वाटपाच्या एका दाव्यात वादी बहिणींच्या वतीने मराठीतून लेखी युक्तिवाद तयार करीत आहे. मिळकत वडिलोपार्जित असून त्यात घर, परडे आणि हापूसची कलमबाग आहे. वडील २००३ साली वारले, त्यामुळे मुलींना मुलांप्रमाणेच वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीचा लाभ मुलींना मिळत नाही, असे प्रतिवादी भावांचे म्हणणे आहे. माझा सारा भर विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १ या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयावर आहे (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही छापील निर्णयमाला). अडचण अशी की, निष्कर्षाचा परिच्छेद छापील खंडात १३७ व्या क्रमांकावर आहे, तर न्यायालयाच्या संकेतस्थळावरील मूळ प्रतीत तो १२९ वा आहे. यांतला कोणता क्रमांक द्यावा? लांबलचक उतारा अवतरणचिन्हांत घालावा की वेगळा काढावा? आणि महत्त्वाची वाक्ये ठळक केली तर चालते का?

उत्तर (ज्येष्ठ वकील, रत्नागिरी)

ज्या प्रतीतून उतारा घेतला आणि जी प्रत आपण दाखल करणार, तिचाच क्रमांक द्यावा आणि ती प्रत कोणती हे तिथेच लिहावे. दोन्ही क्रमांक दिले तर अधिक चांगले, कारण समोरचे वकील बहुधा संकेतस्थळावरची प्रत घेऊन उभे राहतील आणि १३७ वा परिच्छेद शोधताना भलत्याच पानावर जातील. म्हणून ‘परिच्छेद १३७ (मूळ प्रतीत परिच्छेद १२९)’ असे सरळ लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून तटस्थ सायटेशनची (कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नसलेल्या, न्यायालयानेच दिलेल्या निर्णय-क्रमांकाची) पद्धत सुरू केली असून ती जुन्या निर्णयांनाही लागू केली आहे. तो क्रमांक प्रतीवर असेल तर तोही जोडावा.

दोन-तीन ओळींचे अवतरण चालू वाक्यात दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावे. त्याहून मोठा उतारा नव्या ओळीपासून, दोन्ही बाजूंचा समास वाढवून आणि ओळींतील अंतर कमी करून द्यावा. अशा उताऱ्याला अवतरणचिन्हे लावू नयेत, म्हणजे त्याच्या आत न्यायालयाने स्वतः उद्धृत केलेला मजकूर असेल तर त्याची चिन्हे निर्विवादपणे त्याचीच राहतात. मधला भाग गाळला तर तीन टिंबे द्यावीत, आपला शब्द घातला तर तो चौकटी कंसात ठेवावा आणि वाक्य ठळक केले तर उताऱ्याच्या शेवटी ‘ठळक ठसा आमचा’ असे लिहावे. ही टीप राहून गेली तर तो जोर न्यायालयानेच दिला आहे असे वाचणाऱ्याला वाटते, आणि ते खरे नसते.

आपल्या प्रकरणात मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. विनीता शर्मा निर्णयात प्रकाश विरुद्ध फुलवती, (२०१६) २ एससीसी ३६ यातील उतारे दिलेले आहेत आणि पुढे त्याच निर्णयाचे म्हणणे अमान्य केले आहे. शिवाय वकिलांचे युक्तिवादही त्यात सविस्तर आले आहेत. घाईघाईत मधलाच एखादा परिच्छेद उचलला तर खोडून काढलेले मत तीन न्यायाधीशांच्या पीठाचे म्हणून मांडले जाईल. म्हणून उताऱ्याच्या आधीचे आणि नंतरचे पान वाचल्याशिवाय उतारा घेऊ नये, आणि हेडनोटमधले (निर्णयाच्या आरंभी छापलेल्या सारांशातले) शब्द तर कधीच घेऊ नयेत. ते संपादकाचे असतात, न्यायालयाचे नव्हेत. प्रतिवादींनी फुलवतीचाच आधार घेतला असेल तर तो निर्णय विनीता शर्मामध्ये रद्दबातल ठरल्याचे परिच्छेदासह नोंदवावे.

उत्तर (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, कुडाळ)

वकीलसाहेबांनी सांगितले त्यात थोडी भर घालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम २(३-अ) नुसार लेखी युक्तिवाद संक्षिप्त आणि स्वतंत्र शीर्षकांखाली असावा लागतो, आणि नियम २(३-ब) नुसार त्याची प्रत त्याच वेळी विरुद्ध पक्षाला द्यावी लागते. न्यायनिर्णयात मुद्दे, त्यांवरील निष्कर्ष आणि कारणे याच क्रमाने येणार असल्याने तुमची शीर्षके न्यायालयाने काढलेल्या मुद्द्यांप्रमाणेच ठेवा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या, आणि उतारा ज्या मुद्द्याचा असेल त्याच मुद्द्याखाली ठेवा. सगळे उतारे शेवटी एकत्र जोडलेले युक्तिवाद मी पुष्कळ पाहिले आहेत; वाचणाऱ्याला दर वेळी मागेपुढे पाने उलटावी लागतात. निर्णयाची प्रत जोडताना नेमक्या परिच्छेदाला समासात खूण करा.

प्रश्नकर्ती

दोघांचीही मी आभारी आहे. एक शंका राहिली. माझा युक्तिवाद मराठीत आणि निर्णय इंग्रजीत आहे. उतारा मराठीत देऊ का? संकेतस्थळावर काही निर्णयांची मराठी भाषांतरे मिळतात, ती वापरता येतील का?

उत्तर (वकील, अलिबाग)

ही भाषांतरे पक्षकाराला निर्णय आपल्या भाषेत समजावा एवढ्यासाठीच आहेत आणि सर्व कार्यालयीन कामांसाठी इंग्रजी प्रतच अधिकृत धरावी, अशी सूचना त्या भाषांतरांवरच छापलेली असते. त्यामुळे आधी मूळ इंग्रजी उतारा जसाच्या तसा द्यावा आणि त्याखाली मराठी आशय देऊन ‘भाषांतर आमचे’ असे लिहावे. तुमच्या मुद्द्यासाठी तो असा देता येईल (सहदायक म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेली व्यक्ती): ‘सहदायकीतील हक्क जन्मतःच असल्यामुळे, सहदायक असलेला पिता दि. ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे आवश्यक नाही.’ त्यानंतर आपल्या शब्दांत एकच वाक्य लिहावे की, वडिलांचे निधन २००३ साली झाले ही गोष्ट त्यामुळे वादींच्या हक्काच्या आड येत नाही. मात्र दि. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले होते असे भावांचे म्हणणे असेल, तर त्याचे उत्तर या उताऱ्यातून मिळणार नाही. ते स्वतंत्र शीर्षकाखाली, पुराव्यातील निशाणी क्रमांकांसह द्यावे लागेल.